सहाशे पिशव्यांचा अंदाज

प्रिय ठमे,

गरम पाण्याची एक रबरी पिशवी खरेदीला एकशे ऐंशीला पडली. वाहतूक, गोदामाचं भाडं आणि वर्षभर खाल्लेली धूळ धरली तर अडीचशे. त्या पिशव्यांपायी घरातून उठून गेलेली मुलगी धरली, तर पुढचा आकडा मला मांडता येत नाही. सहाशेतल्या चारशे अजून तशाच आहेत. परवा गोदामवाल्याने विचारलं, काका, बर्फ पडायची वाट बघताय का? मी हसलो. धंद्यात हसायला काही लागत नाही.

दुकान बंद करून आपण ऑनलाइन गेलो, ते दिवस आठव. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस मी. पायरीवर पाऊल वाजलं की हे घेणारं की नुसतं भाव विचारणारं, मान वर न करता सांगायचो. आता पार्सलं गोदामवालाच परस्पर पाठवायचा, मी दिवसभर फोन टिंग व्हायची वाट बघायची. टिंग झालं नाही की घास उतरायचा नाही. तुझी आई ताट झाकून ठेवायची.

तू दोन वर्षांची विक्री मागितलीस, त्यावरून पुढच्या हंगामाला किती माल लागेल ते काढते म्हणालीस. मी तारखा आणि नग तेवढे दिले. गिऱ्हाइकांची यादी दुकानदार पोटच्या पोरालाही दाखवत नाही, म्हणून ती कपाटातच ठेवली. आठवड्याने तू कागद घेऊन आलीस. "बाबा, सरळ हिशोब सहाशे सांगतोय. पण ज्या दिवशी काहीच विकलं जात नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी चार-पाच पिशव्या हमखास जातात. गिऱ्हाईक असं वागत नाही. ती विक्री वगळा, दोनशेच मागवा." मी तुलाच दुकानदारी शिकवली. तुझ्या संगणकाला आकडे दिसतात, मला माणूस ऐकू येतो. माझं गिऱ्हाईक मी डोळे मिटून ओळखतो, म्हणालो. आणि सहाशे मागवल्या.

दोन महिन्यांनी, माल आला त्याच आठवड्यात, आई गेली. पिशव्यांची विक्रीही बसली. या दोन गोष्टी मी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. मावशीसमोर म्हणालो, सहाशे हा हिच्याच हिशोबाचा आकडा, त्याने मला बुडवलं; तुझ्या दोनशेचं नावही काढलं नाही. तू बॅग भरलीस.

गेल्या रविवारी आईची शाल आणायला मावशीकडे गेलो. तिच्या पोटमाळ्यावर आपलीच खोकी, छतापर्यंत. एकाचीही चिकटपट्टी काढलेली नाही. मावशी म्हणाली, ताईचा फोन यायचा, आज हे जेवले नाहीत गं, उद्या चार मागव. पैसे ताई द्यायची, शिवणाचे.

मावशीकडूनच कळलं, तू अंदाजांचं काम सोडलंस, कुठल्याशा शाळेत दाखले लिहितेस, स्वतःच्या हिशोबावर भरवसा उरला नाही म्हणतेस. म्हणून हे पत्र. आई वगळून वर्षभरात पिशव्या गेल्या त्या दोनशेच. तू चुकली नव्हतीस. परत ये म्हणायला मला तोंड नाही, पण ते काम सोडू नकोस. काल कपाटातून यादी काढली. आईच्या शेवटच्या वर्षात चारशे दहा पिशव्या एकाच नावावर, मावशीच्या. यादी मी त्याआधी एकदाही उघडलेली नव्हती.

तुझाच,
बाबा