साकवाचा प्रश्न

गुरुजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी खोटं बोलायची भीती आता उरली नाही. खरं बोलायची मात्र अजून वाटते, म्हणून कागद पुढं ओढलाय. अक्षर तुम्हाला आवडणार नाही, तसं ते कधीच आवडलं नव्हतं.

यंदा मला पंच्याहत्तर पूर्ण झाली आणि आमच्या लोकांनी गौरवग्रंथ काढायचा घाट घातला. गौरवग्रंथ म्हणजे माणूस जिवंत असतानाच उरकून घेतलेली दशक्रिया. भाषणं तीच, फक्त कावळ्याची वाट बघावी लागत नाही. विधान परिषदेतली माझी सहा वर्षं कधीच संपली, तरी घोडेगावच्या स्टँडवर अजून 'आमदार, या चहाला' अशी हाक येते आणि मी वळून बघतो. 'विधिमंडळातील कार्य' हे प्रकरण सूनबाईनं लिहायला घेतलं. ती कॉलेजात इतिहास शिकवते, त्यामुळं ऐकीव गोष्टीवर तिचं भागत नाही. मुंबईला जाऊन जुन्या कामकाजाच्या झेरॉक्स घेऊन आली आणि एका दुपारी त्यातलं एक पान माझ्यापुढं ठेवलं. "नाना, इथं सभापतींनी तुमचं नाव पुकारलंय आणि पुढं तुम्ही सभागृहात नव्हता असं लिहिलंय. हा तर तुमचा साकवाचा प्रश्न. तुम्ही मंत्र्यांना धारेवर धरलं होतं ना?" मी चष्मा काढून पुसत बसलो. चष्मा स्वच्छच होता.

चौथीतला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मी खालच्या अंगाच्या बागाईतदाराचा मुलगा, घोडेगावात आत्याकडं राहून शिकणारा. यात्रेत आमचा बैलगाडा पळणार म्हणून मी शाळा बुडवली, आणि हजेरीच्या वेळी शेजारी बसणाऱ्यानं माझ्या नावाला 'हजर' म्हणून ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतं तर मी विसरून गेलो असतो. तुम्ही मला दाराशी उभं केलंत आणि दिवसभर, प्रत्येक तासाच्या सुरुवातीला, फक्त माझं एकट्याचं नाव घेतलंत. मी 'हजर' म्हणायचं आणि सगळा वर्ग हसायचा. शाळा सुटताना म्हणालात, "हुशार नसलास तरी चालंल. पण नाव पुकारलं की जागेवर पायजे." पुढं मी आमदार झालो तेव्हा हारतुऱ्यांच्या गर्दीत तुम्ही आलात, आणि सगळे अभिनंदन करत असताना तुम्ही तेच वाक्य पुन्हा ऐकवलंत. मला तेव्हा हसू आलं होतं.

निवृत्त होऊन तुम्ही तळेघरच्या पलीकडं आपल्या वाडीत राहायला गेला होतात. तिथून मला तुमचं कार्ड आलं, 'एकदा ये आणि पाण्यात उतरून बघ.' मी आलो तो भर पावसाळ्यात. गाडी तळेघरला सोडून दोन तास चाललो, तर वाडीच्या अलीकडं ओढा फुगलेला. तुम्ही पलीकडून दोर घेऊन उतरलात, पासष्टीचा माणूस, आणि मला हाताला धरून नेलंत. पाणी माझ्या कमरेला लागत होतं. "पोरं ह्याच्यातून शाळंला जात्यात," तुम्ही एवढंच बोललात. घरात काकू चुलीपुढं बसलेल्या. त्यांनी माझे मोजे काढून घेतले, चुलीवरच्या दोरीला टांगले आणि नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी वाढली. "मोजं वाळत्यात तवर बसा. आमच्यात आमदार जेवला ह्ये खालच्या वाडीला सांगितलं तरी कुणी खरं मानायचं न्हाई," असं म्हणून त्या पदराआड हसल्या. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते. मी त्या चुलीपुढंच शब्द दिला, की ओढ्यावर साकव होईल, पायी जाण्यापुरता का होईना पूल होईल, आणि त्याचा प्रश्न मी सभागृहात विचारीन.

आणि मी तो टाकला, गुरुजी, हे खोटं नाही. तुमच्याच शब्दांत लिहिला. तारांकित प्रश्न होता तो. म्हणजे मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि मग आपल्याला आडवे-तिडवे उपप्रश्न विचारून त्याच्याकडून तारीख काढून घेता येते. खरी गंमत तिथंच असते. छापील उत्तर काय, 'कार्यवाही सुरू आहे' म्हणून मोकळं होतं. प्रश्न यादीत वर लागला. असं नशीब वर्षातून एखाद्या वेळी उघडतं.

त्याच दिवशी सकाळी आणे पठारावर एका जिल्हा परिषद सदस्याच्या आईचा दहावा होता. आपल्याकडं लग्न चुकलं तर माणूस रुसतो, दहावा चुकला तर वैर धरतो, हे तुम्हाला मी काय सांगू. त्यात माझी आमदारकी म्हणजे जनतेच्या मतांची नव्हे; जिल्हा परिषदेचे आणि नगरपालिकांचे सदस्य मला निवडून देणार. त्या सदस्याच्या हातात त्याचं स्वतःचं आणि आणखी पाच-सहा जणांचं मत. तुमच्या अख्ख्या वाडीत मला मत देऊ शकेल असा एकही माणूस नव्हता. मी रात्रीच मुंबई सोडली. मनाशी म्हणालो, प्रश्न काय, पुढच्या अधिवेशनात पुन्हा टाकू. सकाळी घाटावर माइक हातात घेऊन त्या माउलीबद्दल मी दहा मिनिटं बोललो. तिला मी आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं. बायका रडल्या. त्याच सुमाराला तिकडं सभापतींनी माझं नाव पुकारलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

पंधरा दिवसांनी तुम्ही माझ्या कार्यालयात आलात. बाहेर माणसं बसलेली, तुम्ही नंबरानं आत आलात, आणि खुर्चीवर बसायच्या आधी विचारलंत, "इचारलास का रं?" मी म्हणालो, "विचारला, गुरुजी. चांगला धरला मंत्र्यांना." पुरावा म्हणून छापील उत्तराचा कागद तुमच्या हातात दिला. त्यावर माझं नाव होतंच, प्रश्न माझाच होता. तुम्ही तो दोनदा वाचलात, घडी घालून पिशवीत ठेवलात, आणि पिशवीतून तांदूळ काढलेत. नवा, लाल, हातसडीचा. काकूंनी दिला होता. तो भात आम्ही चार दिवस खाल्ला आणि घरात सगळ्यांना आवडला, मलासुद्धा.

पुढच्या अधिवेशनात तो प्रश्न मी टाकला नाही. विसरलो असतो तर निदान तसं सांगता आलं असतं. पण एकदा विचारलेला म्हणून सांगितलेला प्रश्न पुन्हा कसा विचारायचा? तुमच्या कानावर गेलं तर? स्वतःचं खोटं सांभाळण्यासाठी मी तुमचा साकव बाजूला ठेवला.

त्याच्या पुढच्या वर्षी आषाढात, लावणी चालू असताना, काकूंना खाचराच्या बांधावर फुरसं चावलं. चौघांनी डोली केली आणि ओढ्यापर्यंत आणली. ओढ्याला लोंढा होता. पाणी उतरायची वाट बघत डोली काठावर ठेवली, आणि पाणी उतरलं तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे मला तुमच्या धाकट्या भावानं सांगितलं. मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही चुलीपाशी बसला होतात, चूल विझलेली, आणि माझाच हात हातात घेऊन म्हणालात, "तू इचारलंस तरी. दुसऱ्या कुणी तेवढंबी केलं न्हाई." मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं, मी रडतोय.

मी प्रश्न विचारला असता तर साकव वेळेत झाला असता का? सरकारी काम, कदाचित नसताही झाला. सूनबाईही त्या दुपारी माझं तोंड बघून असंच काहीसं म्हणाली. पण तो 'कदाचित' मीच तयार केलाय, त्यामुळं त्याच्या आडोशाला मला बसता येत नाही.

तुमचा दहावा त्याच ओढ्याच्या काठावर झाला. माइक नव्हता, वाडीतली माणसं आणि मी. पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या उंबरावर तीन-चार बसलेले, खाली कुणी उतरेना. म्हाताऱ्या बायका कुजबुजल्या, "साकवात जीव अडकलाय त्यांचा." मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. "सायेब, तुमी शब्द द्या," कुणीतरी म्हणालं. तेव्हा माझी मुदत संपलेली, हातात काही नाही. तरी मी हात जोडून मोठ्यानं म्हणालो, की साकव करून देतो. सभागृहात जे मंत्र्याकडून काढून घ्यायचं होतं ते आश्वासन मी कावळ्यांना दिलं. कावळे हलले नाहीत. ऊन वर आलं. शेवटी तुमचा भाऊ पुढं झाला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, पानी असंल तवा पोरांना मी अल्याड-पल्याड करीन. तू जा आता." आणि कावळा उतरला. पाखराला भूक लागली असेल, दुसरं काय. पण परतीच्या वाटेवर माझ्याशी कुणी बोललं नाही.

साकव झाला, तुमच्यानंतर सात-आठ पावसाळ्यांनी, दुसऱ्याच कुणाच्या खटपटीनं. वरातीमागून घोडं. तोवर तुमच्या भावानं शब्द पाळला. मी तेवढ्या काळात ती गोष्ट इतक्या सभांमधून सांगितली, की मंत्री कसे गडबडले, मी काय बोललो, सगळं मला पाठ झालं.

त्या दुपारी सूनबाईनं विचारलं, "मग नाना, काय लिहू?" मी म्हणालो, "झेरॉक्स ठेवून दे. सभागृहात आवाज उठवला, एवढं लिही." तिनं कागद आवरले. तेव्हापासून मला ती चहा आणून देते, पण समोर बसत नाही.

हे पत्र मी महिनाभर लिहितोय. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, ही पळवाट काल बंद झाली. काल तुमचा भाऊ आला. ऐंशी ओलांडली, डोळ्यांत मोतीबिंदू, तरी सकाळच्या एसटीनं एकटा घोडेगावला उतरून आला होता, हातात तांदळाची पिशवी. ग्रंथ निघालाय हे त्याला वाडीत कळलं होतं. त्यानं तो मांडीवर घेतला, पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आमदार, त्ये साकवाचं वाचून दावा की. मला दिसत न्हाई, आन दादाला लई अभिमान व्हता त्याचा." हे कागद टेबलाच्या खणात होते, हातभर अंतरावर. सूनबाई दारात उभी होती. मी खण उघडला नाही. ग्रंथ त्याच्या मांडीवरून उचलला, ते पान काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

माझा आवाज कापला नाही, गुरुजी.