दोन नंबरचा लॉट

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चार लॉट आले. प्रत्येकी एक खोकं, पन्नास गोळ्यांचं. कोच कौतिक सरांनी रायफल क्लबच्या टेबलावर ओळीनं मांडून ठेवलेत. धाकट्या मयुरीची प्रॅक्टिकल्स चालू आहेत फैजपूरला, रविवारशिवाय ती काही येत नाही. आणि डिसेंबरात पुण्याला तिची निवड चाचणी. म्हणून मारून बघायचं काम माझ्याकडे.

आबा म्हणाले, "एकाच कारखान्याच्या गोळ्या. त्यात काय बघायचं?"

सरांनी समजावलं, लॉट बदलला की बंदूक वेगळी वागते. कोणता मानवतो ते मारल्याशिवाय कळत नाही. मग म्हणाले, "वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून मारताना दीपाचा हात अजून तसाच आहे."

पिशवीवर. उभं राहून मारायचं खांद्याच्या दुखापतीबरोबर संपलं, तीन वर्षं झाली. बंदूक माझीच होती. आता धाकटीच्या लायसन्सवर आहे. हे लिहिताना काही वाटायला हवं. वाटत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

रजा टाकून रेंजवर गेले. बंदुकीवरची गाल टेकायची फळी मयुरीच्या मापाला लावलेली, तशीच ठेवली. वारा पडलेला. पन्नास मीटर, प्रत्येक लॉटच्या वीस गोळ्या, नेमाची दोन कार्डं. लॉट बदलला की आधी पाच गोळ्या मातीत, नळीला सवय व्हावी म्हणून. सगळं आठवतंय. हाताला आठवतंय, मला नाही.

मग कार्डावर भोकांचा पसारा मोजला. एक नंबर — सतरा मिलिमीटर. तीन — एकवीस. चार — अठरा, आणि दोन गोळ्या उगाच डावीकडे पळालेल्या. दोन नंबर — बारा. दहा गोळ्यांचं मिळून एकच भोक, करंगळी जेमतेम शिरेल एवढं. असा लॉट मला कधी मिळाला नव्हता.

सर आले. "कोणता?"

"चार," मी म्हणाले.

कार्डं माझ्या पिशवीत होती. त्यांनी मागितलीसुद्धा नाहीत. तिथूनच दुकानदाराला फोन लावला, चार नंबरच्या दोन हजार गोळ्या सांगितल्या. मी मयुरीला कळवलं. ती म्हणाली, "तू बघितलंस ना अक्का, मग झालं."

राग नव्हता आला. ठरवलंही नव्हतं. तोंडातून आलं, एवढंच.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

एक फोन करायचा. "सर, मोजताना चूक झाली." चार शब्द पुरे.

आबांनी भरीत केलं. चव कळली नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

काल मयुरी येऊन गेली. दिवसभर रेंजवर होती. मी गेले नाही, डोकं दुखतंय म्हणाले. संध्याकाळी पाच मिनिटं घरी टेकली, चहा घेतला, फैजपूरची बस पकडली. गोळ्या कशा आहेत विचारलं तर म्हणाली, "बऱ्या आहेत."

आज सर बोलता बोलता म्हणाले, दोन नंबरचा सगळा माल शनिवारीच नाशिकच्या क्लबनं उचलला.

म्हणजे आता सांगूनही उपयोग नाही. ऐकून मला बरं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

काहीही नाही. कामावर गेले. आले.

रविवार, ७ डिसेंबर

आठ जणी घेतल्या. मयुरी नववी. तीन दशांशांनी राहिली.

चार वाजता फोन आला. आबांनी घेतला. "काय व्हयनं?" विचारलं. फोन ठेवून म्हणाले, "दोन गोळ्या डावीकडे गेल्या म्हणे. नशीब शे बठ्ठं." सगळं नशिबावर टाकून खाटेवर बसले. चप्पल पायातच होती.

मी त्यांना पाणी दिलं. तांब्या हातातून सुटला नाही. हात अगदी स्थिर होता.

बुधवार, १० डिसेंबर

सांगितलं. मयुरी कालच आली. गच्चीवर आम्ही दोघी चादरी वाळत घालत होतो. बारा आणि अठरा, दोन्ही आकडे सांगितले.

ती म्हणाली, "माले माहीत शे."

क्लबच्या कपाटात दोन नंबरच्या उरलेल्या गोळ्या होत्या. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी, सर जेवायला गेल्यावर, तिनं मारून बघितल्या होत्या. लगेच दुकानदाराला फोन केला, तर माल आदल्या दिवशीच गेलेला.

"मला का नाही बोललीस?"

"तू सांगशील वाटलं. पुण्याला रेंजवर फोन जमा करून घेतात. तोवर वाट बघितली."

मग बादलीतली चादर उचलली आणि पिळायला एक टोक माझ्या हातात दिलं.