मंगळवार-शुक्रवार, पाच ते सहा

१२ मार्च, मंगळवार
निवृत्तीला आज सहा आठवडे झाले. एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले, आणि निरोप समारंभात हाती आली ही डायरी आणि एक भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ मागे पडतं. डायरी तरी वापरावी.

पहिली नोंद: ही घरात बोलत नाही. म्हणजे बोलते, पण 'बरं' एवढंच. तिच्या शिवणकामाच्या रिळांची मी रंगानुसार मांडणी केली. 'बरं' म्हणाली. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, तरी 'बरं'. पटतं तिला, प्रश्न नाही. पण नवरा-बायकोत थोडं जास्त संभाषण असावं असं मला वाटतं.

आज उपाय सापडला. टायरच्या दुकानावरच्या डान्स स्टुडिओत ही गेलं वर्षभर फ्लामेंको हा स्पॅनिश नाच शिकते. मंगळवार-शुक्रवार, पाच ते सहा. बुटांच्या टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले असतात, ते जमिनीवर आपटायचे. येताना गुणगुणत येते. मग मीच क्लासला गेलो तर? छंद एक, विषय एक, आपोआप बोलणं.
संकल्प: ऑक्टोबरच्या कार्यक्रमात आम्ही दोघं जोडीने स्टेजवर. हिला आत्ताच सांगायचं नाही.

१५ मार्च, शुक्रवार
सांगितलं. म्हणजे सरळ क्लासच्या दारात जाऊन उभा राहिलो. ही आरशासमोर हात वर करून उभी होती. आरशात मी दिसलो तसे तिचे हात खाली आले. आनंद काही जणांना चटकन दाखवता येत नाही.
शिकवणाऱ्या बाईंनी माझी परीक्षा घेतली. म्हणाल्या, काका, तुमची कंबर अडकलेल्या ड्रॉवरसारखी आहे, आधी महिनाभर सोमवार-गुरुवारच्या बेली डान्सला या. थोडक्यात, पाया पक्का करायचा. मला पटलं.
एक खटकलं. सगळ्या बायका हिला ताई म्हणतात आणि मला काका. नातं जुळत नाही. बोलून दाखवलं. कोणी मनावर घेतलं नाही.

१ एप्रिल, सोमवार
बेली डान्स. आठ बायका आणि मी. कमरेला नाणी लावलेला रुमाल बांधतात. मला पुरेना, म्हणून पायजम्याची नाडी जोडून लांब केला. फक्त पोट हलवायचं, बाकी सगळं स्थिर. माझं नेमकं उलट होत होतं. बाई म्हणाल्या, काका, श्वास सोडा. श्वास सोडला तशी गाठही सुटली. नाण्यांचा एवढा आवाज झाला की सगळा वर्ग थांबून माझ्याकडे पाहायला लागला. छाप पडली.

४ एप्रिल, गुरुवार
पाठ धरली. हिने गरम पाण्याच्या पिशवीने शेक दिला आणि विचारलं, आता सोडणार का क्लास? स्वरात काळजी होती. तिला निक्षून सांगितलं की मी काम अर्धवट टाकणारा माणूस नाही. पिशवी जरा जोरात दाबली गेली तिच्याकडून.
'बरं' म्हणाली.

३० एप्रिल, मंगळवार
फ्लामेंकोच्या वर्गात बढती! बाईंनी कारण दिलं की बेली डान्सच्या बायकांना जागा कमी पडते. ते बोलायचं कारण. गुण दिसल्याशिवाय कोणी वर घेत नाही. ऑफिसात मात्र वरच्या जागेसाठी अकरा वर्षं थांबलो, आणि ती पटकावली साहेबांच्या मेहुण्याने. असो.
पाय बरोबर पडत नाहीत. संशय आला म्हणून स्पिरिट लेव्हल घेऊन गेलो. अंदाज खरा ठरला. फरशी खिडकीच्या बाजूला चार मिलिमीटर उतरती आहे. बाईंना दाखवलं, तर सगळ्या बायका पोट धरून हसल्या. एवढं हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. ही हसली नाही. बुटांचे बंद बांधत बसली.

१४ मे, मंगळवार
बाईंनी मला खुर्ची दिली. फ्लामेंकोत टाळ्या देणं हे स्वतंत्र काम असतं म्हणे. बारा मात्रांचं चक्र, आणि जोर भलत्याच ठिकाणी. बाईंच्या मते माझ्या टाळ्यांत ताकद आहे, फक्त त्या वेळेवर पडायला हव्यात. ताकद आहे हे महत्त्वाचं.
घरी येऊन बारा मात्रांचा नकाशा काढला. ट्रेसिंग पेपर, काळी शाई, जोराच्या जागा लाल. असा स्वच्छ कागद हल्लीच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या बापजन्मी निघणार नाही. स्टुडिओच्या भिंतीवर लावला. बाई म्हणाल्या, सुंदर आहे, पण काका, मात्रा कानाने धरायची असते. कलावंतांना कागदाचं वावडं असतं.

११ जून, मंगळवार
खुर्चीवरून हिच्या चुका स्पष्ट दिसतात. वर्षभर कोणी दाखवल्या नसाव्यात. चौदा भरल्या. क्रमवार लिहून कागद शिवणयंत्राच्या सुईखाली ठेवला, म्हणजे नजरेतून सुटणार नाही. हिने तो वाचला, चार घड्या घातल्या आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. 'बरं' म्हणाली. टेबल डगमगायचं थांबलं हे मान्य.
मुलीचा फोन आला होता. म्हणाली, बाबा, आईला तिथे एकटीला जाऊ द्या ना. परगावी राहून ती इथल्या गोष्टींवर मतं देते. तिला म्हटलं, अगं, तिच्यासाठीच तर जातो.
ही हल्ली आधीची बस पकडते. मीही आधीची पकडतो. मग ती एक स्टॉप चालत पुढे जाऊन चढायला लागली. मीही चालतो. प्रकृतीला चांगलं आहे.

९ जुलै, मंगळवार
ऑक्टोबरच्या कार्यक्रमात हिला चार मिनिटांचा एकटीचा नाच मिळाला! जोडीने नाचण्याचा विषय काढला, तर बाईंनी दुसरीकडे पाहिलं. मी मागे खुर्चीवर बसून टाळ्या देणार. तांत्रिकदृष्ट्या दोघंही स्टेजवरच. संकल्प पूर्ण होतोय.
ही बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलली. बाहेरच्या खोलीत लाकडी फळी टाकून घरी सराव केला तर चालेल का, म्हणाली. गेल्या वर्षीही हेच विचारलं होतं. गेल्या वर्षीचंच उत्तर दिलं. खाली घड्याळवाले राहतात. म्हातारा माणूस, दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक काम करतो. त्याच्या डोक्यावर खिळे आपटायचे? शेजारधर्म आहे की नाही?
'बरं.'

१३ ऑगस्ट, मंगळवार
हिच्या नाचाची सुरुवात मला मंजूर नाही. ती येऊन नुसती उभी राहते. बाईंनी सांगितलं की ही शांतता नाचाचाच भाग आहे, ताईंना वाटेल तेवढा वेळ त्या घेतील, त्यांचा पहिला पाय पडेपर्यंत कोणी बोटसुद्धा हलवायचं नाही. विचारलं, किती मात्रा? म्हणाल्या, मोजायच्याच नाहीत. म्हटलं, अंदाजे? म्हणाल्या, काका, प्लीज.
एकतीस वर्षांत माप न लिहिलेला नकाशा मी कधी पुढे जाऊ दिला नाही.

६ ऑक्टोबर, रविवार, सकाळी
काल कार्यक्रम झाला. नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.
हॉल भरलेला. ही स्टेजच्या मधोमध येऊन उभी राहिली. स्वतः शिवलेला काळा झगा. चांगली दिसत होती, लग्नाच्या बत्तीस वर्षांत पाहिली नव्हती इतकी. सांगायचं राहून गेलं. उभी राहिली ती राहिलीच. मनात मोजत होतो. बारा झाले. चोवीस झाले. छत्तीसला मला घाम फुटला. विसरली! भर सभेत बायको विसरली आणि नवरा मागे हातावर हात ठेवून बसलाय, हे मला जमणारं नव्हतं. मी हळूच मात्रा सांगितल्या. एक, दोन, तीन. तिला ऐकू गेलं नसावं, म्हणून जरा मोठ्याने सांगितल्या आणि टाळीही दिली.
हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना काय, निमित्त लागतं.
हिने मागे वळून पाहिलं नाही. नाचली. माझ्या मोजणीबरहुकूम, पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत. चौदापैकी एकही चूक नाही. माझ्यामुळे वेळ निभावली.
बाई नंतर माझ्याशी बोलल्या नाहीत. येताना बसमध्ये ही खिडकीशी बसली. म्हटलं, छान झालं. 'बरं' सुद्धा म्हणाली नाही. दमली असेल.

८ ऑक्टोबर, मंगळवार
हिचं डोकं दुखतंय, क्लासला आली नाही. मी गेलो. बाईंनी माझी खुर्ची दारापाशी नेऊन ठेवली होती. हवा चांगली येते तिथे.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
हिने क्लास सोडला. बाईंना फोन करून सांगितलं, मला नाही. तेही त्यांच्याकडून कळलं. कोणासाठी आपण एवढं करायचं? पाठ मोडून घेतली, आठ बायकांत कमरेला नाणी बांधली, आणि हिने ऐन रंगात आल्यावर सोडून द्यावं! हेच ऑफिसात झालं. मी घडवायचं आणि शेवटी खुर्ची दारापाशी.
मी मात्र सोडणार नाही. घरातलं कोणीतरी जायला हवं.
एक गोष्ट मात्र सुखाची. मंगळवार-शुक्रवारी साडेचार वाजले की ही माझी पिशवी भरून दारात आणून ठेवते. टॉवेल, पाण्याची बाटली, छत्री. आधीची बस मिळेल, निघा, म्हणते. इतकी काळजी हिने आजवर कधी घेतली नव्हती. उपाय लागू पडतोय.

१० नोव्हेंबर, रविवार
कपाटामागून माझा ड्रॉइंग बोर्ड काढला. एकतीस वर्षं ऑफिसात वापरलेला, निवृत्त होताना मागून घरी आणला. पाहतो तर मधोमध असंख्य बारीक खड्डे! कडा स्वच्छ, मधलाच भाग पोखरलेला. वाळवी. निवृत्त माणसाच्या वस्तूंकडे लाकडातल्या किड्यांचंसुद्धा लक्ष असतं. लगेच औषधाची बाटली आणली. ही शिवताना थांबली. म्हणाली, राहू द्या, मी बघते. तिला औषधाचा वास सहन होत नाही. मंगळवारी क्लासहून आल्यावर लावेन.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
स्टुडिओच्या दाराला कुलूप होतं. वर कागद लावला होता. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, जानेवारीपर्यंत क्लास बंद. मला कोणी फोन केला नव्हता. तरी म्हटलं, बरं झालं, आज दोघं मिळून चहा घेऊ.
साडेपाचला परत आलो. जिन्यात आवाज येत होता. घड्याळवाले आपल्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते, भिंग कपाळावर. मी तोंड उघडलं तसं त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग कुजबुजत सांगितलं की दर मंगळवार-शुक्रवारी पाच ते सहा असतं, तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. त्रास होतो का, असं मी विचारलं. त्रास कसला, म्हणाले. पहिल्या दिवशी मीच वर जाऊन सांगितलं, फळी जरा खिडकीकडे घ्या, खाली स्पष्ट ऐकू येतं. आयुष्य घड्याळांत गेलं माझं, पण असा नेमका ठोका ऐकला नाही.

वर गेलो. किल्ली हातात होती. आत आवाज थांबला. मला वाटलं, चाहूल लागली. पण ती नुसती उभी होती. मी सवयीने मोजायला लागलो आणि सातावर थांबलो. नंतर किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग पहिला पाय पडला.
ऑक्टोबरमध्ये लोकांनी जे पाहिलं ते हे नव्हतं. हे माझ्यासारख्या आंधळ्यालाही कळलं. माझ्या बोर्डावर, माझ्या घरात, मी नसताना. मी दाराबाहेर होतो म्हणून ती अशी नाचत होती. फार लागलं मनाला. तिला हवा होता तो एवढा एक तास, आणि मी त्याच्या पाठोपाठ बस पकडून गेलो.
जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. साडेसहाला, नेहमीच्या वेळी, बेल वाजवली. बोर्ड कपाटामागे गेला होता. हिचे गाल लाल होते. कसा झाला क्लास, म्हणाली. म्हटलं, चांगला झाला. मग तिने विचारलं, शुक्रवारी आहे ना?
म्हटलं, आहे.
'बरं' म्हणाली, आणि चहा टाकला.

वाळवीचं औषध दुकानात परत द्यायचं. बाटली फोडलेली नाही, घेतील. शुक्रवारी पाच ते सहा कुठे बसायचं तेही पाहायला हवं. बस स्टॉपवर बाक आहे, पण त्यावरचा पत्रा गळतो. छत्री आहे पिशवीत.