ढेकणांचं औषध

सोमवार, ४

लॉजचा जिना चढतानाच मनात पाल चुकचुकली. कोंदट, गोडसर वास. लिफ्ट बसवण्याच्या कामापायी निम्मं आयुष्य परक्या गाद्यांवर गेलं. हा वास नाकाला ओळखता येतो.

बॅग आधी न्हाणीघरात, कोरड्या फरशीवर. पलंगावर नाही, कपाटात तर नाहीच. मग चादर काढली, बॅटरी लावून गादीच्या शिवणी पाहिल्या. कोपऱ्यात काळे ठिपके, पेनाचं टोक टेकवावं तसे. आहेतच! पलंग भिंतीपासून ओढून घेतला.

मेव्हणा दारात उभा राहून हसत होता. हिचा धाकटा भाऊ, कामावर माझा जोडीदार. त्याची खोली शेजारचीच. "दाजी, ताईला बघायला आलात तेव्हा एवढं निरखून पाहिलं असतंत तर आज सुखी असता!"

हसलो. पण त्याला काय सांगू? काम आटपलं की शनिवारी आम्ही दोघांनी इथूनच लेकीकडे जायचं. बाळ सव्वा महिन्याचं. अजून मांडीवर घेतलेलं नाही. गेल्या खेपेला माझ्या बॅगेतून ढेकूण तिच्या घरात शिरले, गाद्या टाकून द्याव्या लागल्या. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, या वेळी एक जरी आणलात ना, तर नातवाला दारातूनच बघायचं. आणि मामाची बॅग तर उकळूनच आणा!" हसत म्हणाली. मागे जावई होता, तो हसला नाही.

मंगळवार, ५

दंडावर चट्टे, एका ओळीत. उशीखाली एक सापडला. चिरडला. बोटाला लागलं ते माझंच रक्त. हात धुतले, तरी देवापुढे जोडताना अवघडल्यासारखं झालं.

मेव्हण्याला एकही चावलेला नाही. "माझं रक्त कडू आहे, दाजी. तोंड लावतात आणि थुंकतात."

बुधवार, ६

मॅनेजरला सांगितलं. आधी कानावर हात – "आमच्याकडे? छे, पाहुणेच घेऊन येतात." दंड दाखवला तेव्हा औषधवाल्याला फोन लावला.

दुपारी औषधवाला आला. नाकातोंडाला फडकं बांधलेलं, हातात गोळ्यांचा डबा. म्हणाला, "जालीम आहे. याचा वायू होतो. खोली बंद राहील, कुणी उघडायची नाही."

मी म्हटलं, "अंडीसुद्धा मरायला हवीत. हात आखडता घेऊ नका."

"तुम्ही म्हणाल तशा टाकतो!" आणखी टाकल्या. बाहेरच्या दाराला चिकटपट्टी लावली. माझ्या आणि मेव्हण्याच्या खोल्यांच्या मध्ये एक बंद दार आहे, कपाट सरकवून झाकलेलं. त्यालाही पट्टी लावली का, ते विचारायचं राहिलं.

मला वरच्या मजल्यावर खोली दिली. शेजारी माणूस राहतो हे मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला, "मध्ये भिंत आहे की!"

नवी गादी स्वच्छ. कपडे सगळे कढत पाण्यातून काढले. देवाचे आभार मानले. गाढ झोपणार आज.

गुरुवार, ७

मेव्हणा कामावर दोनदा ओकला. डबा उघडलासुद्धा नाही – एरवी माझ्याही डब्यात हात घालणारा माणूस! डोकं जड झालंय म्हणाला. "खोलीत लसणीसारखा वास येतोय कसला तरी. तुमचे ढेकूण मरताना मलाही हाका मारतायत, दाजी."

म्हटलं, बाहेरचं अरबटचरबट खातोस, दुसरं काय होणार.

संध्याकाळी वर आला. चेहरा पांढराफटक. एका हातात बॅग, काखेत अंथरूण. "आज तुमच्याकडे झोपू का? खाली पडतो कोपऱ्यात."

माझी नजर त्या बॅगेवर. इतके दिवस त्याच्या पलंगाखाली होती ती. शनिवार तोंडावर आलेला.

"बॅग आत आणू नकोस," मी म्हटलं. "एवढं केलेलं सगळं पाण्यात जाईल. खिडकी उघडी टाक आणि आजची रात्र काढ. उद्या तुझ्यासाठी दुसरी खोली मागू."

"खिडकी उघडत नाही, दाजी."

मी दार अर्धं लोटून धरलं. तो हसला. "बरं. भाचीनं पोर काय काढलं, मामाला घराबाहेर काढलं!"

कठडा धरून उतरला. एकेका पायरीवर थांबत.

दार लावलं. तो उभा होता तेवढी फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेतली.

नाम घ्यायला बसलो, मन ठरेना. उठून हाक मारावी असं वाटलं. कडीपर्यंत गेलोही. मग बाळ आठवलं. एका रात्रीनं काय होतंय!

शुक्रवार, ८

दार फोडावं लागलं. आत तो गेलेला होता. अंथरूण उंबऱ्याशी.

मॅनेजरला पोलीस घेऊन गेले. मग मला विचारलं – काल रात्री त्यांना काही त्रास होत होता का? तुमच्याशी काही बोलले?

"नाही," म्हणालो.

हिलाही तेच सांगितलं.