अरुणची फेसाळ कॉफी

मंगळवार, ८ मे १९७३, अहमदनगर

आज अखेर ती ग्रीक कॉफी मी स्वतः केली. अरुणने सांगितली होती तशीच: जॅमच्या बाटलीत दोन चमचे इन्स्टंट कॉफीची पूड, साखर, जेमतेम तळ भिजेल इतकं गार पाणी, मग झाकण घट्ट लावून हात दुखेपर्यंत हलवायचं. चार बोटं फेस आला. वर बर्फ, पाणी, थोडं दूध. पाणी आज उकळलं नाही.

मार्चमध्ये तो जहाजावरून सुट्टीला आला, तेव्हा पहिल्याच दुपारी त्याने असा ग्लास माझ्यापुढे ठेवला होता. "आई, तिकडे बंदरावर सगळे हीच पितात." आणि मी काय केलं? टँकरचं पाणी, कारखान्यातला बर्फ, न उकळता कसं प्यायचं? माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्सची शिकवण. सगळा ग्लास पातेल्यात ओतला आणि उकळी आणली. तो फेस बसत गेला, अरुण शेजारी उभा राहून बघत होता. "राहू दे, चहाच टाक," एवढंच म्हणाला. सुट्टीभर पुन्हा बाटलीला हात लावला नाही.

तो फेस. एक दिवस पोट बिघडलं असतं, तर काय मोठं झालं असतं?

भांडी घासायला आलेल्या सखूने वाकून पाहिलं. "बाई, कॉफीचं ताक केलं व्हय?" तिलाही अर्धा ग्लास दिला. "लई ग्वाड हाय. दादांनी केल्ती तवा तुमाला आवडली आसंल."

"हो," म्हटलं. "सगळी प्यायले होते."