गोड वासाची जखम

अण्णा, आज दुपारी प्रयोगशाळेत तुमच्या पायाचा वास आला. एका रुग्णाच्या जुन्या जखमेतले जंतू काचेच्या बशीत वाढवले होते, हिरवट निळे. झाकण किंचित उचललं आणि पिकलेल्या द्राक्षांसारखा गोड वास आला. मी पुण्यात उभी होते, आणि नव्हतेही. अणदूरच्या दूध संकलन केंद्रावर नुकतं उजाडतंय, तुम्ही ओळीतल्या एकेका कॅनचं झाकण काढून आत नाक घालताय. "हे घ्या. हे बी घ्या. हे नासलंय, मागं ठेवा." लॅक्टोमीटर नंतर, आधी तुमचं नाक. सोसायटीत त्या नाकावर कुणी शंका घेत नसे, आणि मला तर आपल्या वडिलांच्या नाकाचा केवढा तोरा होता.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, गाडीत चढवताना एक कॅन निसटला आणि त्याची कड तुमच्या नडगीत रुतली. विहिरी कोरड्या, टँकरचं पाणी पिण्यापुरतंच. तुम्ही जखम धुतलीत ती कॅन विसळलेल्या पाण्यानं. मग तो ताप. पाय टम्म सुजलाय, तुम्ही काहीबाही बडबडताय, आई कपाळावर ओली चिंधी ठेवतेय. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, ताप उतरला, सूज ओसरली. उरलं जखमेचं एक लहानसं ओलं तोंड, काही केल्या न मिटणारं. डॉक्टर म्हणाले, सोलापूरला दाखवा, हाडापर्यंत गेलं असेल तर पाय जाईल, जीवही जाईल. आईनं दूधगाडीतली पुढची जागा सांगूनसुद्धा ठेवली.

तुम्ही गेला नाहीत. रोज सकाळी पट्टी सोडायची आणि कॅन हुंगावा तशी जखम हुंगायची. "अगं, वास बघ की. गोड येतोय. नासलेल्याचा असा येतो व्हय?"

"अवो, पाय म्हंजी दूध न्हाय," आई कळवळून म्हणायची.

तुम्ही हसायचात. "माझं नाक कदी चुकलंय का?" मला तो वास आवडायचा, अण्णा. द्राक्षं तेव्हा खाल्ली नव्हती, म्हणून तो मला तुमचाच वास वाटायचा.

आता माझं सगळं काम त्याच वासाभोवती फिरतं. हे जंतू अंगात शिरतात तेव्हा मारामारीच्या तयारीनं येतात. पोहतात, विष सोडतात, पेशींना टोचतात, कारण ही हत्यारं बनवणारी जनुकं तेव्हा चालू असतात. म्हणून तो ताप, ती बडबड. पुढं गर्दी वाढली की ते रेणू सोडून एकमेकांना खुणा करतात. हळूहळू हत्यारांची जनुकं मिटतात आणि स्वतःच्या अंगावर बुळबुळीत थर चढवणारी उघडतात. जंतू तेच, फक्त वागणं बदललेलं. थराखाली औषध नीट पोचत नाही, अंगाचा पहाराही पोचत नाही. आणि गंमत बघा, ज्या रेणूचा तो द्राक्षासारखा वास येतो ना, तोच त्यांना भांडण सोडून मुक्काम करायला लावणाऱ्या खुणांपैकी एक. म्हणजे तुमच्या नाकाला कळलं ते खरंच होतं. भांडण थांबलं होतं. पाहुणे तेवढे गेले नव्हते.

काही वर्षं ते तसेच राहिले. मग एका सुगीत ताप परत आला, पहिल्यासारखाच, आणि त्याच दूधगाडीत तुम्हाला आडवं घालून नेलं. मी उशाशी होते. वाटेत तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "वास कशाचा येतोय गं?" मी म्हटलं, दुधाचा. "चांगलं हाय," म्हणालात. सोलापूरहून तुम्ही परत आला नाहीत. मला किती वर्षं तुमचा राग यायचा, तुमच्या त्या नाकाचा, त्या हसण्याचा. आता येत नाही. आता नुसती आठवण येते.

बशी हुंगायला आमच्याकडे सक्त मनाई आहे. नव्या मुलींना तो नियम मीच शिकवते, चांगला दरडावून. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. खोलीत कुणी नसलं की मी झाकण उचलते. मला सगळं माहीत असतं. तरी तो वास येतो आणि क्षणभर वाटतं, अण्णा बरे होतायत.