बेचव पाणी

सोमवार, ६ फेब्रुवारी

पुन्हा बंद पडलं! फिल्म अर्ध्यावर आली होती. आधी पंखा बोंबलतो, मग खट्ट, काळा पडदा. घानाच्या या उन्हात कुमासीत माणसं वितळतात, तिथे कॉम्प्युटरचं काय घेऊन बसायचं! आंपोन्सांची म्हातारी तिकडे शवागारात गारेगार पडली आहे आणि तिच्या अंत्यविधीची फिल्म बनवणारं माझं मशीन इथे भाजून निघतंय. अंत्यविधी २५ मार्चला, तेव्हा अख्ख्या मांडवासमोर दाखवायची आहे. नाही दाखवली तर या शहरात मला पुन्हा कुणी काम देणार नाही. दुकानाला टाळं.

ठरलं. पाण्याने थंड करायचं. तयार संच घ्यायची ऐपत नाही, त्याचे फोटो बघणंही बंद. एकेक तुकडा जमवेन.

संध्याकाळी मामा ओसरीत एका पाहुण्याला पाणी देत होते. म्हटलं, मलाही द्या की. तर म्हणे, "तू काय पाहुणी आहेस? ऊठ आणि घे!" पाहुण्याला आधी पाणी, मग हात जोडल्यासारखं "काय काम काढलंत?" सगळा थाट परक्यांसाठी!

शुक्रवार, १० फेब्रुवारी

मामांचा रेडिएटर दुरुस्तीचा धंदा, सुआमेच्या गॅरेजवस्तीत तीस वर्षं. युरोपातून येणाऱ्या जुन्या गाड्यांत आत बसणाऱ्यांना ऊब देणारा हीटर असतो. इथे कुणाला हवीय ऊब! काढतात आणि ढिगावर फेकतात. मला त्यातला एक हवा होता, तांब्या-पितळेचा. छोटा, माझ्या कॉम्प्युटरच्या डब्याला अगदी मापाचा. चार वेळा सांगितलं, तांब्याचा.

आणला ॲल्युमिनियमचा!

प्रोसेसरवर बसणारा ठोकळा तांब्याचा आहे. हे दोन धातू एका पाण्यात नांदत नाहीत, एक दुसऱ्याला खातो. हे सांगितलं तर मामा म्हणाले, "रेडिएटर तो रेडिएटर. मी गाड्या थंड करतो, तू मला थंड करायला शिकवणार?" आणि वर हसले. त्यांच्याबरोबर तिथले चार मेकॅनिकही हसले.

सोमवार, १३ फेब्रुवारी

तांब्याचा मिळाला. मामांनी न बोलता दारात ठेवला. चांगला घासलेला. एक शब्द नाही, "चुकलं" नाही, काही नाही. मीही आभार मानले नाहीत.

पंप मत्स्यटाकीचा. पाणी पेट्रोल पंपावरून आणलं, बॅटरीत घालतात ते. सगळे इंटरनेटवर बजावतात, फक्त शुद्ध पाणी, फक्त शुद्ध पाणी. म्हणून बाटलीवर जाड अक्षरांत लिहून ठेवलं: PURE WATER. ओसरीतल्या फळीवर ठेवली, कुणी लवंडू नये म्हणून.

शनिवार, १८ फेब्रुवारी

दिवसभर नळीसाठी अडुमच्या बाजारात वणवण. दुकानदार विचारतो, "कॉम्प्युटरला पाणी? ताई, बरं आहे ना?" बाई घेतेय म्हणून असली थट्टा! माझ्या भावाला विचारलं असतं का त्याने? उन्हात डोकं फुटायची वेळ. वाटेत टोपल्यावाल्या बायका "प्युअर वॉटर, प्युअर वॉटर" ओरडत होत्या. पाण्याची एक पिशवी दाताने फाडून अर्धी प्यायले, अर्धी डोक्यावर ओतली.

रविवार, १९ फेब्रुवारी

बाटलीतलं पाणी भरलं. बाटलीचं झाकण सैल होतं, मीच घाईत लावलं असेल. कुठे थेंब नाही. पंप गुणगुणतो. मशीन सलग चाललं! मामा दारातून डोकावले, "चालतंय?" मी म्हटलं, "दिसतंय ना." गेले.

मंगळवार, ७ मार्च

चालतंय. म्हातारीच्या तरुणपणीच्या फोटोंना हलतं केलं, डोळे मिटतात, उघडतात. काय सुंदर होती!

बुधवार, १५ मार्च

हिरवं! नळ्यांतलं पाणी हिरवं! ठोकळ्यात गाळ, पंप धापा टाकतोय, मशीन पुन्हा खट्ट. दहा दिवस उरले!

तांब्याला गंज चढला की हिरवा चढतो. म्हणजे मामांचा हीटर. घासला होता म्हणे! वरून घासला, आत भंगार. मला भंगार दिलं. माझं काम यांना खेळ वाटतो!

गुरुवार, १६ मार्च

सुआमेला गेले. सगळ्यांसमोर हीटर त्यांच्या पुढ्यात आपटला. डाव्या हाताने. हो, डाव्या, अपमान व्हावा म्हणूनच! "तुमची अक्कल तुमच्या रेडिएटरसारखीच गळकी आहे. आजपासून माझ्या कामात हात घालू नका." सगळे हातोडे थांबले. मामा फडक्याला हात पुसत राहिले. बरं झालं! एकदा तरी कळू दे.

शेजारच्या फिटरकडून दुसरा हीटर घेतला. सगळं व्हिनेगरने धुतलं, नवं पाणी, नळ्यांच्या सांध्यांना पट्टी.

सोमवार, २० मार्च

चालतंय. घरात मामा माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू. माझ्या जेवणाचा फुफूचा गोळा झाकून ठेवतात, आणि मी आले की उठून जातात.

गुरुवार, २३ मार्च

क्वाकू आंपोन्सा, म्हातारीचे धाकटे भाऊ, फिल्म बघायला आले. बघताना रडले. मग डोळे पुसत म्हणाले, "पोरी, खरं सांगू? फेब्रुवारीत आम्ही तुझ्याकडून काम काढून घ्यायला आलो होतो. तुझं मशीन बंद पडतं असं कानावर आलं होतं. तू अडुमला गेलेली. तुझे मामा म्हणाले, तिला हे कळू देऊ नका. फिल्म झाली नाही तर माझी सगळी हत्यारं घेऊन जा. मग काय बोलणार आम्ही!"

मी पडदा बंद केला. ते पुढे बोलतच होते.

"पण तुमच्या घरचं पाणी फार बेचव हो! फळीवरची बाटली, नाव मोठं प्युअर वॉटर, आणि चव अशी नाहीच. आम्ही चौघांनी संपवली, तर बिचाऱ्या मामांनी लगेच पाण्याच्या पिशव्या फोडून पुन्हा भरून ठेवली. म्हणाले, भाचीची बाटली आहे, रिकामी दिसली तर ओरडेल."

हिरवं म्हणजे गंज नव्हता. शेवाळ. पिशवीतल्या पाण्याचं. हीटर चांगला होता.

कुणावर ओरडू आता?

रविवार, २६ मार्च

काल फिल्म झाली. मांडवात बायकांनी खांद्यावरच्या कापडाची टोकं डोळ्यांना लावली. सगळे माझं नाव विचारत होते.

मोठ्यांची माफी एकट्याने मागायची नसते, म्हणून आज क्वाकू आंपोन्सांना पुढे घालून ओसरीत गेले. माझ्याच खोलीतून निघून, आठ पावलांवर. मामा उठले. दोन खुर्च्या ओढल्या. दोन पेले पाणी आणलं. एक त्यांना दिला, दुसरा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"घ्या. बसा. काय काम काढलंत?"